सात मिलिमीटरची चोरी

शुक्रवार, सकाळी ११.४०

माझं नाव हिलीख्ये रूल्फसेमा, वय ५८, धंदा पितळेची झुंबरं ओतण्याचा, राहणार कालव्याकाठचं घर क्र. ९, आपिंगेडाम. समक्ष ठाण्यात येऊन सांगते ते असं:

काल दुपारी साडेतीनला मी फोनवर तक्रार दिली की माझे कारागीर त्यार्ड वोल्ड्रिंग, वय ६४, यांनी चर्चच्या झुंबराची साडेतीनशे वर्षांपूर्वीची फांदी लंपास केली. ती तक्रार चुकीची आहे. त्यार्ड यांनी काहीही चोरलेलं नाही. साहेब, हे आधी लिहा, बाकीचं मागाहून लिहिलंत तरी चालेल.

आमच्या चर्चच्या झुंबराला मेणबत्त्या धरणाऱ्या बारा वाकड्या फांद्या आहेत. त्यातली एक युद्धात गेली होती. ती नव्यानं ओतायला चर्चनं सातव्या क्रमांकाची जुनी फांदी नमुना म्हणून आमच्याकडे दिली. अशी फांदी वाळूत दाबून ठसा घ्यायचा आणि त्यात पितळ ओतायचं, ही आमची रीत. पितळ निवताना आक्रसतं, त्यामुळे नवी फांदी जुनीपेक्षा जराशी आखूड होते. एवढ्या उंचावर ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

बुधवारी त्यार्ड यांनी जुनी आणि नवी, दोन्ही फांद्या चर्चला पोचवल्या. गुरुवारी सकाळी चर्चच्या बायकांनी ईस्टरआधीच्या रिवाजाप्रमाणे झुंबर खाली घेऊन सगळ्या फांद्या घासल्या. बाराही चकचकीत, जुनी कुठली आणि नवी कुठली कळेना. फांद्यांवर कोरलेल्या क्रमांकाच्या खाचा बघून त्या जागच्या जागी अडकवायला मी दुपारी एकला गेले. सहज म्हणून सातवी मोजली. हाच धंदा करणाऱ्या माझ्या वडिलांच्या वहीत तिची लांबी ४८ सेंटिमीटर लिहिली आहे, ती भरली ४७ सेंटिमीटर ३ मिलिमीटर. नक्कल नेमकी एवढीच आखूड होते. म्हणजे सातवीच्या जागी दुसरी नक्कल ठेवून अस्सल फांदी लांबवली, असं मी धरून चालले.

मी तडक ओतशाळेत गेले. त्यार्ड यांना मी लहानपणापासून अहो-जाहो करते, काल अरे-तुरेवर आले. म्हटलं, “अस्सल फांदी कुणाला विकलीस?”

ते म्हणाले, “हिली, शुद्धीवर आहेस का?”

“मोजलीय मी!”

“मग परत मोज.”

मी मोजली नाही. त्यांनी अ‍ॅप्रन काढला, त्याची घडी घातली आणि सायकलवरून निघून गेले. एरवी ते अ‍ॅप्रन भिरकावतात. मला ओतकाम याच माणसानं शिकवलं, हेही लिहा.

आज सकाळी नऊला पुराव्याचे फोटो काढायला चर्चमध्ये गेले. तिथली देखभाल बघणारे एप्पो डाइकेमा हजर होते. फोटोत शेजारी दाखवायला म्हणून तिसरी फांदी मोजली, ती कधीच चर्चबाहेर गेलेली नाही. ती ४७ सेंटिमीटर ३ मिलिमीटर. पाचवी, तेवढीच. एप्पो म्हणाले, “अहो बाई, सगळ्याच चोरीला गेल्या की काय? मग बायकांनी काल घासलं काय?”

तेव्हा मी हातातली पट्टी पाहिली. साचे करायला आमच्याकडे एक खास पट्टी असते. पितळ आक्रसणार हे धरून तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित मोठा आखलेला असतो, त्यामुळे तिनं मोजलेलं सगळं आखूड भरतं. साधी पट्टी समजून मी तीच उचलली होती. चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी! एप्पो यांनी घरून शिवणाची टेप आणली. सातवी बरोबर ४८ भरली. आखूड भरली ती फक्त नवी ओतलेली, बारावी.

मी बाकावर बसून हसत सुटले आणि हसता हसता रडू आलं. फांदी जागेवर होती आणि माणूसही चोर नव्हता, जीव भांड्यात पडला. तशीच इकडे आले.

त्यार्ड यांना आज सकाळी चौकशीला बोलावलं होतं. ते बाहेरच्या बाकावर बसले आहेत. आत येताना मी त्यांच्यासमोर उभी राहिले, मग माफी न मागताच पुढे झाले. साहेब म्हणतात, दिलेली तक्रार खोडता येत नाही, मागे घेता येते. मी ती मागे घेते.

माझ्या आग्रहावरून हा जबाब दार उघडं ठेवून, बाहेरच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचण्यात आला. वाचून झाल्यावर त्यार्ड बाहेरून म्हणाले, “ऐकलं. सही कर आता हिली, मला भूक लागलीय.” सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून सही केली.

हि. रूल्फसेमा