वरचं अंग कुठलं?

...आणि वर मलाच म्हणतात, "मोनिके, लई तोंड चालतंय गं तुझं!" चालणार नाही तर काय? चाळीस वर्षं ज्या मैदानावर गाव फुटबॉल खेळलं, ते मैदान ह्या लोकांनी एका गुरुवारी, कपातला चहा संपायच्या आत सोडून दिलं आणि मी गप शेंगा फोडत बसू? तुम्हीच सांगा! क्लब न्यायचाय तालुक्याच्या रस्त्याला, नव्या स्टेडियमवर? न्या! पण दर रविवारी उन्हात बसून जे घसा फोडतात, त्या आम्हाला विचारलं का कुणी?

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही पण आमच्या अण्णांसारखं काही न कळता मान डोलवाल.

आमचं गाव जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत. आसपासच्या गावांत खो-खो, कबड्डी, कुस्ती. आमच्यात मात्र फुटबॉल! कारण चाळीस वर्षांपूर्वी गुरुसिद्धप्पा मास्तर म्हणून ड्रिलचे मास्तर अक्कलकोटकडून आमच्या शाळेवर आले, एक ट्रंक, एक वळकटी आणि एक चामड्याचा बॉल घेऊन. गावानं त्यांना खेळायला जागा दिली, ओढ्याकडंचं गायरान. उदार मनानं नाही हं, तिथं काही उगवत नव्हतं म्हणून! आणि ते गायरान तिरपं. थोडंथोडकं नाही, उत्तरेचं अंग वर, दक्षिणेला ओढा, मधोमध बॉल ठेवून नुसतं खोकलं तरी बॉल ओढ्यात. दुसरा मास्तर असता तर त्यानं जागा बदलून मागितली असती. आमच्या मास्तरांनी पोरांना एवढंच सांगितलं, "वरच्या अंगाला मारा रे, खाली त्यो येतोच." झालं! ह्या एका वाक्यावर आमच्या तीन पिढ्या खेळल्या.

बाहेरगावची टीम आली की काय मजा यायची म्हणता! माकणीवाले बिचारे सरळ पास द्यायचे. शाळेत शिकवतात तसा, नाकासमोर! आणि बॉल चालला ओढ्याला, त्याच्यामागं त्यांचे दोघं, त्या दोघांना हाका मारत तिसरा... इकडं मैदानात आमचे अकरा आणि त्यांचे आठ. नऊ वर्षं! नऊ वर्षं माकणीला आमच्या मैदानावर एक मॅच जिंकता आली नाही.

आणि बसायला गॅलरी? गॅलरी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वरच्या अंगाला ओळीनं लावलेल्या. कुणाची ट्रॉली कुठं, हे ठरलेलं. बलभीमतात्यांची बरोब्बर मधे, आणि ती बायकांची. तात्या स्वतः खाली उभे राहायचे, पण बायकांच्या ट्रॉलीत पाय ठेवायचे नाहीत. खाली पोतं अंथरलेलं, पदरात शेंगा, ट्रॉलीच्या फाळक्याला बांधलेला भोंगा... आणि त्या भोंग्याचा माइक कुणाच्या हातात? माझ्या! सहा वर्षं! बारावीपासून एम. ए. होईपर्यंत. आमच्या अख्ख्या गावात बाईमाणसाच्या हातात माइक फक्त हळदी-कुंकवाला येतो, तोही "आभार माना आणि खाली ठेवा" म्हणून. आणि मी नव्वद मिनिटं ओरडायचे! "आयुबनं घेतला बॉल... आयुब पुढं... आयुबच्या आईनं, नसीमबी चाचीनं, नेहमीप्रमाणं डोळे झाकलेत... चाची, उघडा डोळे, गोल झाला!" मग चाची डोळे उघडायच्या. त्याच्याआधी नाही. पोराच्या पायाला लागेल म्हणून बघवायचं नाही त्यांना, आणि घरी पण बसवायचं नाही. त्यांची सगळी मॅच माझ्या तोंडून.

तर असं आमचं चाललेलं असताना नव्या स्टेडियमचं निघालं. मी म्हटलं, आपण शिकलेली माणसं, रडायचं नाही, कागदावर लढायचं. 'क्लब जुन्या मैदानावरच राहिला पाहिजे' असं निवेदन लिहिलं आणि दारोदार फिरले. पहिली सही कुणाची? आमच्या रामहरीअण्णांची! माझे सख्खे चुलते, क्लबचे अध्यक्ष. खिशातून पेन काढला, टोपण दातात धरलं, आणि म्हणाले, "मोनिके, ह्या मैदानावर माझा गुडघा फुटलाय. मी सोडीन व्हय?" तुम्हाला सांगते, मला भरून आलं. एकूण दोनशे अकरा सह्या!

गुरुवारी बैठक. मी निवेदन घेऊन पोचते तर अण्णा ठराव वाचत होते, क्लब नव्या स्टेडियमवर न्यायचा ठराव. आणि त्या ठरावाखाली पहिली सही, तीच, तशीच, खाली दोन टिंबं दिलेली!

म्हटलं, "अण्णा, ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि माझ्या निवेदनावरची?"

"ती बी माझीच की."

"मग खरी कुठली?"

"दोनी खऱ्या!" अण्णा अगदी समजावून सांगायला लागले. "तू घरची पोर, तुझं मन मोडायचं न्हाय. ते स्टेडियमचे साहेब लोक दारात आलते, त्यांचं बी मन मोडायचं न्हाय. सही म्हंजी काय गं, मान द्यायचा असतोय माणसाला."

मी बाकीच्या दोनशे दहांकडं बघितलं. एकजण माझ्याकडं बघेल तर शपथ! कुणी छताकडं, कुणी चपलेकडं. बलभीमतात्या तर कपात बघत होते, रिकाम्या. आणि आयुब? "मोनिका, गायरान सोडून मी कुठंच खेळणार न्हाय," असं माझ्या दारात उभं राहून सांगणारा आमचा कॅप्टन? तो नव्या जर्सीची घडी मांडीवर घेऊन बसला होता, लहान मूल घेतात तशी. म्हटलं, "आयुब, तू पण?" तर म्हणतो, "माप बरोबर आलंय गं."

माप बरोबर आलंय! बरं, माइक? मी विचारलंच नव्हतं, अण्णांनी आपणहून सांगितलं. "तिथं त्यांचा माणूस हाय, बाहेरून येतोय. तू आता आरामात खुर्चीवर बसून बघ." आराम! मी आराम मागितला होता? मला विचारलं का कुणी?

बाहेर आले तर नसीमबी चाची उभ्या. त्यांनी माझा हात धरला. "बेटा, तो माइक तुझा न्हाय तर मला बी काय करायचंय तिथं? त्या मैदानात पाय ठेवला तर नाव बदल माझं." म्हटलं, चाची, माझं पण. ठरलं! अख्ख्या गावात दोनच माणसं इमानाची, दोन्ही बाया!

रविवारी पहिली मॅच, समोर माकणी. मी दुपारी एक वाजता घरातून निघाले, तोंडाला ओढणी गुंडाळून. नाही, मॅचला नाही... म्हणजे... ऐका तरी! फाट्यावरून टमटम पकडली, कडेला बसले. शेजारी बुरख्यात एक बाई, मांडीवर पिशवी, पिशवीतून भाजलेल्या शेंगांचा वास.

हळूच म्हटलं, "चाची?"

"कौन चाची?"

"चाची, मी मोनिका."

त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. मग म्हणाल्या, "डोळे दाखवायला चाललेय गं डॉक्टरला."

"रविवारी?"

"आन तू कुठं?"

"झेरॉक्स काढायला."

"रविवारी?"

पुढं स्टेडियम येईपर्यंत दोघी शेंगा खात राहिलो.

स्टेडियम चांगलं होतं. खोटं कशाला बोलू? हिरवंगार, पांढऱ्या रेघा, निळ्या खुर्च्या, खुर्चीवर नंबर. पण बायकांची जागा कुठं? एका गोलच्या मागं, जाळीच्या मागं, समोर दिव्याचा खांब! शेजारी कोण बसलंय ते पण कळेना, सगळे आपापल्या नंबरवर. आणि माइकवर तो माणूस. "रसिक प्रेक्षकहो..." अहो, रसिक काय? नाटक आहे? "दहा नंबरने सात नंबरला दिला, सात नंबरने दहा नंबरला..." जनगणना चाललीय का?

पण हे पुढचं, त्याच्याआधी टॉस. आयुब टॉस जिंकला. रेफरीनं विचारलं, कुठली बाजू घेणार? मधे त्या माणसानं माइक धरलेला, त्यामुळं अख्ख्या स्टेडियमला ऐकू गेलं. आमचा आयुब, लहानपणापासून गायरानावरच खेळलेला पोरगा, नव्या जर्सीत ताठ उभा, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाला...

"साहेब, वरचं अंग कुठलं?"

रेफरी म्हणाला, "कशाचं अंग?"

"मैदानाचं."

"मैदान सपाट आहे."

तुम्हाला सांगते, त्या पोराचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी गेल्याची बातमी आली.

आणि मग काय बघितलं मी! चाळीस वर्षांची सवय हो, पायात मुरलेली! सगळे पास उत्तरेला. जन्मभर उत्तरेचं अंग वर बघितलेलं, पाय ऐकतोय व्हय? मारला की उत्तरेच्या रेघेबाहेर. मारला की बाहेर. एक तर भिंतीवरून चहाच्या टपरीवर गेला, टपरीवाल्यानं परत दिला तर पुन्हा तिकडंच! आणि त्याहून वाईट काय सांगू? आमची खालच्या अंगाची तिघं पोरं नुसती उभी. का? बॉल आपोआप घरंगळत येईल म्हणून! बॉल मधोमध थांबलेला, आणि आमची पोरं त्याची वाट बघतायत, एसटीची बघावी तशी. माकणीवाले आले, बॉल उचलल्यासारखा घेतला, गोल. पुन्हा आले, गोल. ते पण भांबावलेले! कारण त्यांना आमच्याविरुद्ध गोल झाल्यावर काय करायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

सात-शून्य.

मला जाळीच्या मागं काय झालं असेल? मला दिसत होतं ना सगळं! "सरळ मार, आयुब! पुढं जा, बॉल येत नाही!" ओरडले, घसा फुटेस्तोवर ओरडले. पण बिनमाइकची मी, आणि वर "रसिक प्रेक्षकहो, नऊ नंबर गोंधळलेले दिसतात." शेजारी बघितलं तर चाची डोळे झाकून बसलेल्या. पहिल्या मिनिटाला झाकले ते झाकलेच, मॅच संपली, लोक उठले तरी. उघडा म्हणणारं माइकवर कुणी नव्हतं. मीच त्यांचा हात खाली घेतला. म्हणाल्या, "झाला गोल?"

म्हटलं, "झाले, चाची."

मंगळवारी सकाळी दारात ही रांग! अण्णा, बलभीमतात्या, मागं मान खाली घालून आयुब, आणि काठी टेकत गुरुसिद्धप्पा मास्तर. अण्णा ओट्यावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मोनिके, तुला इचारायला आलोय."

मला! विचारायला! म्हटलं, आला माइक! आला परत! मी पण जरा भाव खाल्ला. "विचारा. पण मी पहिलंच सांगते, एकच उपाय आहे. जुन्या मैदानावर चला."

अण्णांनी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी चपलेकडं. "तिथं आता सोलरचे पत्रे बसत्यात, पोरी. खांब बी गाडलेत. तिरप्या जागेला ऊन बरं लागतंय म्हणं."

मी तिथंच ओट्यावर बसले, अण्णांकडं पाठ करून.

मग अण्णांनी मास्तरांना कोपरानं ढोसलं. मास्तर खाकरले, काठी उत्तरेकडं उचलली आणि म्हणाले, "नव्या स्टेडियमची ती बाजू अडीच फूट वर उचलून दिली, तर पोरं खेळतील. तेवढा एक अर्ज लिवून पायजे. तुझं अक्षर चांगलं."

म्हणजे हे विचारायला आले होते! मैदान सोडताना नाही, माइक घेताना नाही, अक्षर पाहिजे तेव्हा! म्हटलं, "आणि माझा माइक?"

अण्णा म्हणाले, "त्याच अर्जात घाल की खाली. बारीक अक्षरात."

मी उठले, आत गेले, दार आपटलं. मग काय... वही घेऊन बाहेर आले. काय करता? विचारायला आले होते ना! लिहिलं. 'विषय : नवीन स्टेडियम उत्तरेकडून तिरपं करून मिळणेबाबत.' अण्णांनी पेनाचं टोपण दातात धरलं, पहिली सही ठोकली, खाली दोन टिंबं दिली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

मी पण केली सही. आणि हो, माझी ती एकच आहे... अजून तरी.