डाव्या तोंडाची कणीक

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सवतीमत्सर आपल्याला ठाऊक आहे, भाऊबंदकी तर आपल्या रक्तातच आहे! पण आपणच हाताला धरून ज्याला शिकवलं, त्याचाच हेवा वाटायला लागला तर? त्या शिकवणाऱ्याचं पुढे काय होतं? — मागे कोण कुजबुजतंय? बाबूराव, उत्तर माहीत असेल तर या इकडे, मी खाली बसतो!

नाही ना? मग ऐका.

नांदूर नावाचं गाव. तिथं श्रीरंग गुरव नावाचा तरुण. पखवाज असा वाजवायचा, की चहाला उठलेला माणूस परत खाली बसायचा! त्याचे वडील देवळात मुलांचा पखवाजाचा वर्ग घ्यायचे. ते गेले, वर्ग बंद पडला. पंच म्हणाले, "श्रीरंग, वर्ग तुलाच देऊ. पण कलापीठाची पदविका घेऊन ये." श्रीरंगाला जन्मात दुसरं काही नको होतं. वडिलांच्या जागेवर बसायचं — बस्स!

आता ही पदविका कसली? नुसतं वाजवून मिळणारी नव्हे. अर्धी परीक्षा स्वतःच्या वादनाची. आणि उरलेली अर्धी? एक कोरा विद्यार्थी घ्यायचा, त्याला वर्षभर शिकवायचं, आणि परीक्षेला त्यानं एकट्यानं भजनाला साथ करायची. शिकवणाऱ्यानं समोर बसायचं — हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. का? तर दुसऱ्याला पुढे नेता येतं का, हे बघायचं! परीक्षा विद्यार्थ्याची नव्हे हो, शिकवणाऱ्याची!

श्रीरंगानं निवडली रेवती. रसवंतीवाल्या शेवाळ्यांची मुलगी, कॉलेजात जाणारी. त्याला वाटलं, ही जेमतेम शिकेल, आपलं काम भागेल. झालं भलतंच! पोरीच्या हातातच गोडवा. काही महिन्यांत तिचा ठेका ऐकून म्हातारे माना डोलवायला लागले. एका एकादशीला भजन संपलं आणि तात्या पुजारी बोलून गेले, "श्रीरंगा, पोरगी तुझ्यापेक्षा गोड वाजवते रे."

झालं! खलास!

श्रीरंग हसला. हसला बरं का! पण आतून जळाला. कालपर्यंत "शाब्बास रेवती" म्हणणारा माणूस आता तिची चूक शोधायला लागला, आणि ती सापडली नाही की आणखी चिडायला लागला. मत्सराची गंमत सांगू? तो भांडत नाही, मंडळी. तो काळजी घेतो!

कशी? पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. आत्ता आमच्या पखवाजवाल्या बुवांनी लावली, तुम्ही पाहिलीत. कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर मुका. किती घट्ट मळायची, कुठं दाबायची, हे कुणीतरी हात धरून शिकवावं लागतं. रेवती म्हणायची, "दादा, आज मी लावते." श्रीरंग म्हणायचा, "राहू दे, तुझे हात चिकट होतील. मी आहे ना." केवढी माया! शेवाळे तर गावभर सांगायचे, शिकवणारा असावा तर असा.

परीक्षा आली. श्रीरंगाचं स्वतःचं वादन झालं, टाळ्या पडल्या. मग रेवती बसली. परीक्षक कुंटेबाई म्हणाल्या, "हं, कणीक लाव."

रेवतीनं समोर पाहिलं. श्रीरंगानं मान खाली घातली.

अरे वेड्या, ती नापास झाली तर तूही नापास! वर्ग गेला, बापाची जागा गेली! कळत होतं त्याला. सगळं कळत होतं. पण तात्यांचं ते वाक्य काही कानातून जाईना.

पोरीनं अंदाजानं लावली. भजन सुरू झालं. डाव्या हाताची पहिली थाप — आणि आवाजच नाही! टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. तिनं थोडी काढली, तर पोकळ वाजायला लागलं. भजन थांबलं.

कुंटेबाईंनी विचारलं, "तुला कणीक लावायला शिकवलं नाही का?"

तेव्हा कुठं रेवतीला वर्षभराच्या त्या मायेचा अर्थ लागला. तिचे डोळे भरून आले. पण म्हणाली काय? "शिकवलंय बाई. दादांनी कितीदा सांगितलं. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

मंडळी, तिनं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, तर श्रीरंगानं पचवल्या असत्या. हे कसं पचवणार? तो उठला. तोंड उघडायचं नाही हा नियम — त्यानं उघडलं.

"बाई, ती खोटं बोलतेय. मी नाही शिकवलं. माझ्या पुढं जाईल म्हणून नाही शिकवलं."

बाईंनी गुणांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "पदविका तुला यंदा मिळायची नाही. पण कणीक आत्ता शिकव."

भरल्या सभेत तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. पीठ भिजवलं, गोळा तिच्या हातात दिला. "मधोमध लाव. अंगठ्यानं दाब. वाजव बघू. नाही, जास्त झाली, थोडी काढ. आता ऐक."

तिनं ऐकलं. भजन पुन्हा उभं राहिलं. आणि असं वाजवलं पोरीनं, की तात्यांचं म्हणणं अगदी खरं ठरलं!

तुम्हाला वाटेल, श्रीरंगाचा मत्सर तिथंच गळून पडला. कुठला पडतोय! जळतच होता तो. पण जळता जळता त्यानं शेजारच्याचे टाळ मागून घेतले आणि शेवटपर्यंत तिच्या ठेक्याला टाळ धरला. गावात नाचक्की झाली, वर्ग त्या वर्षी बंदच राहिला, आणि घरी आईशी त्याला बरेच दिवस धड बोलता आलं नाही.

आता श्रीरंगाला नावं ठेवत घरी जाऊ नका. पुढं बसलेल्या मावशी, अनारशांचं पीठ कसं करायचं, असं सुनेनं विचारलं की तुम्ही काय सांगता? "येईल गं हळूहळू!" आणि पंच मंडळी — तुम्ही तर बोलूच नका! गावची तरुण पोरं उत्सवात सतरंज्या अंथरतात, खुर्च्या उचलतात. त्यांच्या हाती एक तरी कार्यक्रम सोपवलात कधी? नाटक बसवू म्हणाली तर "अजून लहान आहेत" म्हणता. लहान आहेत म्हणून नव्हे हो — मोठी होतील म्हणून!

आज घरी गेलात की त्या सुनेला, त्या पोरांना जवळ बोलवा. जे आजवर झाकून ठेवलंत, ते त्यांच्या हातात द्या. देताना पोटात दुखेल. दुखू द्या. तरी द्या.