त्यायचं जर्मनचं ताट

माहं माहेर केनवडचं, अन् सासर हे असं, जऊळक्याच्या टेसनाजवळचा भाजीचा मळा. बाप म्हणे पोरगी मळेवाल्याच्या घरी देतो, तिले मीठ-मिरचीची वाण पडणार नाही. मिरचीची वाण नाही पडली बाई, पण खाणाऱ्याचं तोंडच गेलं, थे सांगतो तुमाले.

आमचे हे म्हणजे लय लाजाळू माणूस. नाव मी घेत नाही, अजूनबी नाही. थे तिकडं वाफ्यापाशी मेथीच्या जुड्या बांधून राह्यले ना, थेच. स्वराज्य येऊन पाचसहा वर्सं झाली असन, तवा त्यायच्या तोंडात पिवळे पिवळे बारीक फोड आले, हिरड्या लाल, ओठ सुजलेले, मंग काखेत अन् जांघेत ओलं ओलं जाड मास चढलं. भाकर तं सोडा, पाणी पेतानी डोळ्यात पाणी येये. कोणी म्हणे चुन्यानं झालं, कोणी म्हणे उष्णता हाये, ताक पाजा, तुरटी लावा. काय काय नाही केलं.

आमच्यात नवरा जेवला का त्याच्याच ताटात बायको जेवते. सासूनं थे बंद केलं. त्यायचं जर्मनचं, म्हंजे अल्युमिनचं, ताट गोठ्यात नेऊन ठेवलं, म्हणे लागट हाये, एकाचं दुसऱ्याले होते, सूनबाई, तू दुसऱ्या ताटात जेव. माया होती वं तिची माह्यावर, पण थो माणूस गोठ्यात एकटा बसून दुधात भाकर बुडवे अन् माह्याकडं पाह्यबी नाही. मले घास उतरे नाही.

गोष्ट केनवडले गेली. बाप बैलाची दमणी घेऊन आला, म्हणे चाल बाई, तुले लागलं तं मी काय करू. सासूबी म्हणे न्या, जिवानिशी राह्यन. मी गठुडं बांधलं नाही. ह्यायचं जेवण झालं, तशी मी गोठ्यात गेली, त्यायच्या ताटात उरलेली दूधभाकर बापादेखत खाल्ली. हे म्हणे, काहून करतं असं, उठ. मी उठली नाही, ताट पुसून खाल्लं. बापानं मंग दमणीत गादी टाकली अन् म्हणे, जावईबापू, बसा, माह्या पोरीचं आता तुमच्यासंगंच. दमणी केनवडले नाही गेली, टेसनावर गेली. आमी सारेच अकोल्याले, मोठ्या दवाखान्यात.

डाक्तरनं तोंड पाह्यलं, काख पाह्यली, अन् इचारलं, परसाकडे कसं होते. हे खाली मान घालून बसले. सासू म्हणे, बरं होते. सुनेनं सासूपुढं बोलायचं नाही, असल्या गोष्टीचं तं नावच नाही. पण हे घडीघडी तांब्या घेऊन नाल्याकडं जात, अन् धोतर धुतानी मले रगत दिसलं होतं. इचारलं तं म्हणे पानाची थुंकी सांडली. तोंडात पाणी घेववत नाही अन् पान खाल्लं म्हणे. मी पदराआडून सारं सांगून टाकलं. ह्यायचे कान लाल झाले, पण डाक्तर खुर्चीतून उठला. म्हणे ही दोन दुखणी नाहीत बाई, एकच हाये, आतडं सुजलं त्याचंच तोंडात अन् चामड्यावर निंगालं. असा रोगी मी आजच पाह्यतो, म्हणे, पुस्तकात वाचला होता. अन् लागट नाही. माह्या बापानं दोनदा इचारून घेतलं.

नव्यानंच निंगालेल्या गोळ्या होत्या, नागपुराहून मागवल्या. महिन्याभरात तोंड निवळलं, काखेतलं वाळलं, पोटबी ठिकाणावर आलं. गोळ्यायनं गाल असे फुगले का सासू खूश, म्हणे पोरगा अंगानं भरला. डाक्तर म्हणे थे गोळीचं हाये आजी, हळूहळू कमी करू. घरी आल्यावर सासूनं गोठ्यातलं ताट आणलं, राखेनं घासलं, चुलीपाशी मांडलं. हे जेवले अन् ताट माह्याकडं सरकवून म्हणे, बस तू आता.

दुखणं पुरतं गेलं नाही, मधातमधात डोकं काढते, मंग गोळ्या अन् मऊ भात. मिरची लावतात, इकतात, खात नाहीत. आता माहे दात गेले, हात कापते. म्हणून हेच भात कालवून आधी मले देतात, अन् मी उठली का त्याच ताटात बसतात. सुना हासतात. हासा म्हणा. तुमालेबी बाई, देवानं असंच उष्टं खाणारं माणूस द्यावं.