पुतळ्यातला कापूस

हॉलिवूडच्या स्टुडिओत शिवणखात्याबाहेरच्या बाकावर वर्ना कॅमेऱ्यासमोरच्या आपल्या पहिल्या चाचणीची वाट बघत बसली होती. आत नट्यांच्या मापाचे कापडी पुतळे होते, प्रत्येकीच्या गळ्यात तिच्या नावाची चिठ्ठी. दार अर्धवट उघडं होतं. प्रसिद्धीवाले कीनसाहेब आणि शिवणकाम बघणाऱ्या ओल्गाबाई यांचं बोलणं सरळ कानावर येत होतं.

“ओल्गा, लिओनाच्या पुतळ्यातला आणखी कापूस काढ.”

“मागच्या आठवड्यातच काढलाय, साहेब. आता हाताला लाकूड लागतं.”

“कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतो. उद्या शूटिंग आहे.”

“उद्या? सकाळी इथंच भोवळ येऊन पडली ती! तुमच्या डॉक्टरनं गोळ्या देऊन उभी केली.”

“हळू बोल. पेपरवाल्यांना सर्दी सांगितलीय.”

“सर्दीनं बरगड्या वर येतात होय? दोन घास खाऊ द्या पोरीला. मरेल हो ती!”

“तिच्यावाचून आमचं काही अडत नाही. बाहेर बाकावर बघ.”

“मग हा झगा कुणाच्या मापानं आवळू?”

मग पुतळ्याच्या गळ्यातली चिठ्ठी टरकन फाटल्याचा आवाज आला, आणि कीनसाहेब हसतमुखानं दारात उभे राहिले.

“ये गं पोरी, घाबरू नकोस. माप देऊन टाक.”

टेप कमरेभोवती टाकताना ओल्गाबाई कानाशी पुटपुटल्या, “ऐकलंस ना सगळं? दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं.”

“ऐकलं,” वर्ना म्हणाली, आणि तिनं श्वास रोखून पोट आत ओढलं.