बर्लिनमधी खायची तकलीफ न्हाई

...आन वरून मलाच इच्यारती, बाबा, जवळ्यात वांगी काय भाव चालू हायती? आता तुमीच बघा, पोरगी बसली जर्मनीत, बर्लिनला, त्यांच्या राजधानीच्या गावाला, आन भाव इच्यारून राहिली आमच्या जवळा बाजारच्या वांग्याचे! काहून? तर म्हणती तिला तिकडं आपल्यापरीस सस्त्यात भेटली. मोबाईलमधी वांगं असं गरागरा फिरवून दाखवती, काळंभोर, चमकायलेलं, मुठीएवढं न्हाई, कोपराएवढं! मी म्हणलं, छान हाय. दुसरं काय म्हणावं बापानं? तुमाला सांगतो मंडळी, ज्याचं लेकरू परदेशात उपाशी हाय त्या बापाला चार लोकांत रडता तरी येतं. मला ती बी सोय न्हाई. माह्या सृष्टीला तिकडं खायची तकलीफ न्हाई.

थांबा, पयल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल संतरामचं डोकं फिरलं.

सृष्टी म्हंजे माही एकुलती एक लेक. गेल्या साली तिकडच्या कॉलेजात नंबर लागला, स्कॉलरशिप भेटली, चौकात बोर्ड लागला. बोर्डावर पोरीचा फोटो पानाच्या डबीएवढा आन शुभेच्छुकांचे फोटो परातीएवढे... त्यात मी बी होतो, कोणाचा तरी गॉगल लावून. वरून हसून राहिलो होतो आन आतून... जाऊ द्या. तर त्या टायमाला मला धीर दिला तो हिंगोलीच्या सूर्यकांत गुरुजींनी. सृष्टीला अकरावी-बारावीला शिकवलेलं त्यांनी, शब्दाला वजन असलेला माणूस. मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आन असे हळू आवाजात, पुस्तक वाचल्यावानी, "संतराम, अजिबात काळजी करू नकोस. माणूस परक्या भाषेत टिकतो, थंडीत टिकतो, पण खाण्यात टिकत नाही. ज्वारीवर वाढलेलं लेकरू आहे ते. शिक्षण झालं की एक दिवस जास्त थांबायची नाही."

तुमाला सांगतो, त्या एका बोलण्यावर मी जगून राहिलो! लोक देवावर भरोसा टाकतात, मी पावावर टाकला. तिकडचा तो काळा, कडक, चावता चावता दाढ हलवणारा पाव... म्हणलं, हाच आपला माणूस. हाच माह्या लेकराला परत धाडणार.

पयल्या पयल्यांदा बराबर चाललं होतं. फोन लागला की पोरीचं तोंड सुकलेलं. काय खाल्लं गं? पाव. सकाळी? पाव आन दूध. मग कालवण? कालवण न्हाई बाबा, पावाला जाम. झालं, आमची शिला, म्हंजे सृष्टीची माय, पदर डोळ्याला लावून चुलीपुढं जाऊन बसायची. मलाबी घास उतरत न्हवता हो, बाप हाय मी. पण खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात हलगी वाजून राहिली होती. येती आता, येती, येतीच!

आन मग तिला तिकडं बाजार सापडला.

आता मला सांगा, बर्लिनसारख्या गावात आठवडी बाजार काहून भरावा? मोठमोठ्या काचेच्या दुकानांनी त्यांचं भागत न्हाई का? पण न्हाई, तिच्या खोलीपासून जवळ एक कालवा हाय, आपल्या पूर्णेच्या कालव्यावानी, त्याच्या काठानं तुर्कस्तानातले लोक भाजीपाला घेऊन बसतात. पोरगी पयल्या बारीला भर बाजारात गेली, भाव ऐकले, हात हलवत माघारी आली. मी म्हणलं, वा. आन पुढच्या बारीला काय करावं तिनं? बाजार उठायच्या टायमाला गेली! दिवस कलला, लोक पालं गुंडाळून राहिले, माल परत कोण नेतो, अशा बराबर टायमाला. तिथं एक जाडजूड काकू, डोक्याला रुमाल. सृष्टी तिची नक्कल करून दाखवती, शब्द एक बी कळत न्हाई पण सूर सगळा आपल्याच बाजाराचा. घे माय, घे सगळं, टाक काय टाकायचं ते, मला घरी जाऊ दे, पाय दुखून राहिले! पिशवीभर टमाटे, मिरच्या, कोथिंबिरीची ही एवढी जुडी, आन ते मेलं कोपराएवढं वांगं.

मी इच्यारलं, बाई, हे तुला कोणी शिकवलं? तर म्हणती, तुमीच न्हाई का? मला सायकलच्या नळीवर बसवून बाजार उठतानाच न्यायचे. घ्या! तरी मी म्हणून राहिलो माहा दुस्मन कोण हाय. त्या दिवसापासून तिला खायची तकलीफ न्हाई.

बरं, तिथंच थांबावं का न्हाई? न्हाई! कालचा पाव बेकरीवाला अर्ध्या भावात देतो, तो आणती, तव्यावर तूप टाकून भाजती. कॉलेजच्या खानावळीत पोरांना सस्त्यात भरपेट ताट भेटतं, दुपारचं तिथं. मसुरीची डाळ तुर्काकडून, हरभरे तुर्काकडून, दही तर म्हणती असं घट्ट की वाटी उलटी केली तरी पडत न्हाई. आन एक दिवस फोन आला, आवाज सातव्या मजल्यावर... "बाबा, बाबा, आफ्रिकेच्या माणसाच्या दुकानात ज्वारीचं पीठ भेटलं!" आता आफ्रिकेच्या माणसाला जर्मनीत ज्वारी इकायचं काही अडलं होतं का? मी त्याचं काय वाकडं केलं होतं? दुसऱ्या दिवशी मोबाईलवर भाकरी. टम्म फुगलेली! शिला हिकडं टाळ्या वाजवून राहिली, अगं पाण्याचा हात फिरव, कड मोडू देऊ नको, आन मी भिताडाला टेकून बसलो. माहा ज्वारीवरचा सगळा भरोसा गेला.

आन हिकडं आमची गत काय? घरात ज्वारी भरलेली, हळद भरलेली, म्हैस दूध देऊन राहिली, आन दोघं नवरा-बायको रातच्याला चहात टोस्ट बुडवून झोपून राहिलो. शिला म्हणती, दोघांसाठी काय चूल पेटवायची? मी म्हणतो, व्हय, काय पेटवायची. लेकरू असलं की घरात भूक असती हो. ते गेलं की नुसतं पोट राहतं. राजधानीत पोरगी काटकसरीनं पंचपक्वान्न खाऊन राहिली आन गावातली शेतकरी माणसं टोस्टावर. आता हे कोणाला सांगावं?

आता खरा मूरखपणा ऐका, मी सोता केलेला. सृष्टी हिंगोलीला शिकायला होती तवा आमचा रोजचा रिवाज. सकाळच्या एसटीनं डबा. डब्याला फडकं बांधायचं, कंडक्टरच्या हातात द्यायचा, पोरगी हिंगोलीच्या स्टँडवर उभी. आमच्या भागात निम्मी लेकरं असल्याच डब्यावर शिकली. तर मला कळलं, गुरुजींचा पोरगा श्रेयस पॅरिसला चालला नोकरीवर. मी शिलाला म्हणलं, पेटव चूल! धपाटे केले, येसर केला. येसर म्हंजे आमच्याकडं लग्नाकार्याच्या आमटीत लागतो तो, धान्य आन मसाला भाजून दळलेला. फडकं बांधलं आन गेलो हिंगोलीला. म्हणलं, श्रेयस, जाता जाता एवढं बर्लिनला देऊन टाक.

पोरगं बघतच राहिलं. म्हणतं, काका, पॅरिस वेगळ्या देशात आहे. मी म्हणलं, असू दे की, पण बाजूलाच हाय ना? आपलं वाशिम बी विदर्भात हाय, म्हणून काय डबा जात न्हाई का? गुरुजींनी नकाशा काढला, बोट ठेवून दाखवलं, हे इथं, ते तिथं. मला तर चार बोटं बी अंतर दिसलं न्हाई. शेवटी गुरुजीच पोराला म्हणले, घे रे, आईच्या हातचं आहे.

आता तुमी म्हणाल, संतराम, तुला तर पोरगी खाण्याला कंटाळून यावी असं वाटत होतं, मग डबा काहून धाडला? अहो, बापाचं असंच असतं ना! एका तोंडानं देवाला म्हणायचं, लेकराला तिकडचं गोड लागू देऊ नको. आन हातानं डबा बांधायचा. धपाटे श्रेयसनंच खाल्ले, कबूल केलं बिचाऱ्यानं, खराब झाले असते म्हणला. पण येसर त्यानं तिकडच्या पोष्टानं धाडला, आन तो पोचला! पोरीनं आमटी केली. फुकून फुकून प्याली, डोळे मिटले, नाक पुसलं, आन काय म्हणली माहीत हाय? बाबा, एवढ्याचीच कमी होती, आता काहीच कमी न्हाई.

मी म्हणलं, बरं झालं. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, तो बी पॅरिसवरून फिरवून!

आन त्याच आमटीवर, वाटी हातात तशीच धरून, माह्याकडं न बघता पोरगी म्हणली, "बाबा, शिक्षण संपल्यावर इथंच नोकरी भेटून राहिली. राहू का?"

तुमाला सांगतो, शिलानं माह्या तोंडाकडं बघितलं. मी मोबाईलकडं. एवढं वर्सभर मी रोज इच्यारत आलो, काय खाल्लं, जेवली का, भाजी कोणती. मला दुसरं इच्यारताच येत न्हवतं हो. काय खाल्लं म्हंजे कधी येती, एवढाच त्याचा अर्थ. तिला कळला असल का न्हाई, देव जाणे. न्हाई म्हणायची येळ आली होती, पण कोणत्या तोंडानं म्हणावं? खायची तकलीफ असती तर म्हणलो असतो. मी म्हणलं, "जेव आधी, गार होऊन राहिलं."

मग तिनं, विषय बदलायला असल, इच्यारलं, तुमी दोघांनी काय खाल्लं? शिला बोलून गेली, आमचं काय, चहा-टोस्ट. अरारारा! पोरगी जी भडकली! अस्सा आवाज, थेट माह्या मायवानी. ज्वारी काय उंदरांसाठी ठेवली का? उद्यापासून रोज ताट दाखवायचं मला, दोघांचं बी! तवापासून रोज सांजच्याला आमच्याकडं सैपाक. भाकरी, भाजी, वरण, ठेचा. मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायचा, ताट पुढं धरायचं, पोरगी तपासती. भाजी वाढ की आई बाबांना. अर्धी भाकरी अजून घ्या बाबा, माह्यासाठी घ्या. आग्रह करती हो, पंगतीत बसल्यावानी. आन मी घेतो. ती म्हणली की मला भूक लागती.

परवा शिला म्हणली, एकदा सांगून बघा ना तिला, ये म्हणून. नोकऱ्या हिकडं बी असतात. मी म्हणलं, सांगतो, आज सांगतोच. दिवसभर रानात मनाशी घोकत होतो, कसं बोलायचं, कुठून सुरू करायचं. फोन लागला. ताट दाखवलं. पास झालं. पोरगी समोर बसलेली, केस वर बांधलेले, बघून राहिली माह्याकडं. म्हणलं, आता. घास तोंडात होता, तसाच बोलायला गेलो, "सृष्टे, तू..."

तर म्हणती, बाबा, भरल्या तोंडानं बोलू नका, ठसका लागल. आधी गिळा.

मग काय करता... गिळलं.