झरीवरची लांब वाट

(डिचोली तालुक्यातलं राखीव रान, फाटकाजवळची वनखात्याची पडवी. शिमग्याआधीचा रविवार, संध्याकाळचे साडेपाच. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून दोन वर्षं झाली आहेत आणि पणजीकरांना रान बघायची नवी हौस लागली आहे. दर रविवारी बस येते. वनरक्षक महादेव लोकांना रान फिरवून आणतो आणि मग पडवीसमोर त्याची बायको चंद्रावती रानाच्या गोष्टी सांगते, गावच्या बायका फुगडी घालतात. आज मात्र लोक इतक्या उशिरा परतले की तसेच बसमध्ये चढले आणि गेले. बाकीच्या बायकाही आत्ताच घरी गेल्या आहेत.)

चंद्रावती : गवो! बरो गावलो तुमका गवो, नेमको आजच!

महादेव : रानात गवो नाय गावतलो तर काय पणजीचो बाजार गावतलो?

चंद्रावती : सात बायका दोन वाजल्यापासून हय उभ्यो होत्यो. नव्वारी नेसून, अबोली माळून. पातळ भाजी केलेली, पाववाल्या पोदेराकडसून चाळीस उंडे आणलेले. न् तुमी लोकांक घेऊन इलास पाचाक. ड्रायव्हर हॉर्न मारूक लागलो. एकान तरी फुगडी बघितल्यान?

महादेव : ड्रायव्हराक घाई होती. तेका विचार.

चंद्रावती : तीनाक येवचे ते पाचाक येतास, मगे तेका घाई होतली नाय तर काय?

महादेव : सांगलंय मां तुका. मधल्या वाटेर गवो उभो होतो. वीस माणसां, तेंतू दोन म्हातारी. गव्याच्या तोंडासमोरसून नेतलंय? थांबलंव.

चंद्रावती : दोन तास?

महादेव : गव्याच्या हातात घड्याळ नाय.

चंद्रावती : बरा. एकटो होतो?

महादेव : एकटो.

चंद्रावती : खयच्या अंगान गेलो?

महादेव : खाली. व्हाळाकडे.

चंद्रावती : न् तो गेल्यार तुमी मधल्या वाटेनच खाली इलास.

महादेव : होय गो! पोलिसासारखी काय विचारतंस?

चंद्रावती : मगे त्या चष्म्यावाल्या मॅडमीच्या केसांत सुरंगी खयसून इली?

महादेव : कसली सुरंगी?

चंद्रावती : सुरंगी म्हणजे सुरंगी. बसमधे चढताना माझ्या खांद्यार हात ठेवल्यान न् म्हणाली, "सॉरी हं, तुमचा कार्यक्रम राहिला." वास नाकात गेलो न् माझ्या डोक्यात तिडीक उठली. ह्या सगळ्या रानात सुरंगीचा झाड एकच. झरीकडे. न् झर खय न् मधली वाट खय!

महादेव : वाऱ्यान खयसून तरी...

चंद्रावती : वाऱ्यान एक कोस उडान इली न् नेमकी तिच्याच आंबाड्यात बसली! झरीवरसून नेलास तुमी लोकांक. सगळ्या डोंगराक वळसो घालून. गवो नव्हतो, गव्याची शेपटी नव्हती.

महादेव : हळू बोल. ऑफिसात साहेब आसा.

चंद्रावती : ऐकूंदे साहेबाक. लग्नाच्या दुसऱ्या वर्साक मी ह्याच झरीवरसून सुरंगी आणलेली. पदराच्या वट्यात घालून. तुमी ह्याच फाटकाकडे माका अडवलास. "रानातला पान फाटकाभायर जाणा नाय." चार लाकूडतोड्यांसमोर वटो खाली करूक लावलास. आठवता? सोळा वर्सां झाली, मी सुरंगीचो वास दुसऱ्यांच्या केसांतसून घेतंय. न् आज त्या मॅडमीन मागितल्यान न् तुमी दिलास. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

महादेव : मी दिलंय नाय. तिनाच तोडल्यान.

चंद्रावती : न् तुमी बघत रवलास.

महादेव : बघत रवलंय. तिच्या फोटोंक जितको येळ लागता तितको लागूंदे म्हटलंय.

चंद्रावती : का? इतकी आवडली?

महादेव : गप गो. ती माझ्या आवशीच्या वयाची.

चंद्रावती : मगे कित्याक? सात बायकांचो दीस फुकट घालवलास, माझा तोंड काळा केलास. ती मॅडम पणजीत मोठी अधिकारी आसा. तिका आज बघूचा होता, कार्यक्रम पुढे चालू ठेवूचो काय नाय. तुमका म्हायत होता.

महादेव : म्हायत होता.

चंद्रावती : म्हणजे म्हायत आसान केलास?

महादेव : बस येवन थांबली. मी पुढे गेलंय. अंगार वर्दी, डोक्यार टोपी. अठरा वर्सां हय नोकरी करतंय. ह्या रानात दोनदा आग लागली, दोनदा मी पुढे होतंय. डुकरान मांडी फोडल्यान ती खूण अजून आसा. न् तो पयलो उतरलेलो माणूस माका काय विचारता म्हायत आसा? "चंद्रावतीबाई कुठं आहेत? तुम्ही त्यांचे मिस्टर का?"

चंद्रावती : मगे? न्हय काय?

महादेव : हसू नको.

चंद्रावती : हसणंय नाय. पण तेवढ्यासाठी डोंगराक वळसो?

महादेव : तेवढा नाय ता. तीन आयतार झाले. मी लोकांक फिरवतंय, झाडां दाखवतंय. हो ऐन, हो किंदळ, हो कुंभयो. लोक जांभयो देतत, पाण्याच्यो बाटल्यो उघडतत. मगे हय येतत. तू पदर खोवतंस न् सांगूक लागतंस, माडगरुड पक्ष्याची मादी ढोलीत बसता, मातीन दार लिपून घेता, न् नर तिका फटीतसून फळां भरवता. न् लोक टाळयो वाजवतत! एका बाईन डोळे पुसल्यान! ता तुका सांगितलेला कोणी?

चंद्रावती : तुमी.

महादेव : केवा?

चंद्रावती : आपलो योगेश झालो तेवा.

महादेव : आवय तुका बाळंतिणीच्या खोलीतसून भायर सोडी नव्हती. तू सांज झाली की रडी होतंस. मी दारात बसान रोज एक सांगी. रानात काय दिसला, कोण कोणाक भरवता, कोण कोणाक फसवता. ता मी दुसऱ्या कोणाक सांगूक नाय. दोस्ताक नाय, साहेबाक नाय. न् तू हय बसूक कदेलां मांडून ता लोकांक वाढलंस. पातळ भाजीसारखा!

चंद्रावती : असा आसा तर.

महादेव : असा आसा.

चंद्रावती : जळलास. सरळ म्हणा मां, जळलंय म्हणून.

महादेव : होय. जळलंय. तुझ्या टाळयांवर जळलंय न् टाळयो वाजवणाऱ्यांवर त्याहून जास्त जळलंय.

चंद्रावती : मगे तुमी सांगा लोकांक! मी फुगडी घालीन न् गप रवान. साहेबान पयला तुमकाच विचारलेल्यान. "माका जमणा नाय" कोण म्हणालो?

महादेव : जमणाच नाय. चार माणसां दिसली की माझा तोंड शिवल्यासारखा होता. तुझ्याकडेच ता उघडता.

चंद्रावती : तुमी आपण गप रवतलास न् दुसऱ्याचा तोंड उघडला तर पोटात दुखतला. वा! न् माझ्याकडे तरी खय उघडता आता? तीन आयतार झाले, घराक येतास, जेवतास, भिंतीकडे तोंड करून निजतास. रानात काय दिसला म्हणून विचारलंय तर म्हणतास, झाडां.

महादेव : सांगितलंय तर ता आयताराक लोकांसमोर येतला.

चंद्रावती : अरे देवा.

महादेव : म्हणून सांगणंय नाय.

चंद्रावती : माझ्याकडे दुसरा होता तरी काय ओ? चूल, शेणगोठो, काजूच्यो बियो. बेचाळीस वर्सां झाली, माका कोणी "बसा" म्हणून कदेल पुढे केल्यान नाय. हय तीन आयतार लोक माका नावान ओळखूक लागले. ता तुमका बघवला नाय. माझ्याच घोवाक बघवला नाय.

महादेव : साहेब येता. गप.

रेंजर : महादेव, तुम्ही इथे आहात होय! मी तुम्हाला मागे शोधतोय. वहिनी, आज तुमची सगळी मेहनत वाया गेली. मला फार वाईट वाटलं.

चंद्रावती : आमचा काय साहेब, उंडे तेवढे उरले. चार घेऊन जावा.

रेंजर : नेतो. मॅडम जाताना म्हणाल्या, भटकंती आणि कार्यक्रम एका दुपारीत बसत नाही, दोन्हींतलं एक काढून टाका. मला उद्या सकाळी पणजीत जाऊन काय ते सांगायचंय. महादेव, बसजवळ तुम्ही म्हणालात, मधल्या वाटेवर गवा होता?

महादेव : म्हटलंय.

रेंजर : मग डायरीत तसं लिहून सही करा. मला डायरी सोबत न्यावी लागेल. पण एक आहे. तिथे गवा येऊन तासन्‌तास उभा राहत असेल, तर ती वाट मी लोकांना देऊ शकत नाही. मग राहिली झरीवरची. तिला सगळी दुपार जाते, म्हणजे कार्यक्रम काढायचा. वहिनी, माझा नाइलाज आहे हो. तुमच्यासारखं सांगणारं मला दुसरं कुणी मिळायचं नाही, पण लोकांच्या जिवाशी खेळ नको.

चंद्रावती : बरोबर आसा साहेब. लोकांचो जीव पयलो.

रेंजर : हे घ्या पेन, महादेव. काय झालं?

महादेव : गवो लिहूक येवचो नाय, साहेब.

रेंजर : म्हणजे?

महादेव : गवो नव्हतो. झरीवरसून मीच नेलंय लोकांक.

रेंजर : तुम्ही? ठरलेली वाट सोडून? कशासाठी?

चंद्रावती : सुरंगी दाखवूक, साहेब. वर्सात पंधराच दीस फुलता. तेंका वाटला, पणजीची माणसां इतक्या लांबसून येतत, तर...

महादेव : चंद्रा, तू नको सांगू. साहेब, हिचो कार्यक्रम होवचो नाय म्हणून नेलंय. मुद्दाम. मॅडमीक फुलां तोडूक पण मीच दिलंय.

रेंजर : महादेव, नवीन पोरं भरती झाली की मी त्यांना तुमची डायरी दाखवतो. अठरा वर्षांत एक ओळ खोटी नाही, असं सांगतो.

महादेव : म्हणूनच हात होयना, साहेब.

रेंजर : मला मेमो द्यावा लागेल. वाट सोडली, फुलं तोडू दिली, वर बसजवळ खोटं सांगितलंत. घरचं भांडण रानात आणायचं नसतं.

महादेव : द्या.

रेंजर : बरं. मग मधली वाट बंद करायचं काही कारण नाही. उशीर आमच्या माणसामुळे झाला, कार्यक्रमामुळे नाही, एवढंच मी पणजीत सांगेन. वहिनी, पुढच्या रविवारी बरोबर तीन वाजता. आणि महादेव, तुम्ही पुढच्या रविवारी फाटकावर बसा. लोकांना दुसरा कुणीतरी घेऊन जाईल.

महादेव : होय साहेब.

चंद्रावती : गेलो. काय रागान गेलो तो! उंडे पण हयच विसरलो.

महादेव : जावंदे.

चंद्रावती : मेमो म्हणजे काय ता कळता मां? यंदा तुमका वरची जागा गावतली होती.

महादेव : कळता.

चंद्रावती : मी सावरून घेय होतंय. साहेबाक खरा वाटलेला. तुमी कित्याक तोंड उघडलास? चार माणसांत तोंड उघडणा नाय म्हणतास, न् उघडलास तेवा असा!

महादेव : माझी जळजळ गेली असा समजू नको हां. अजून जळता.

चंद्रावती : मगे?

महादेव : पाचाच्या आधी तुमी फुगडी घातलास मां?

चंद्रावती : आमी? होय. घातलंव. उभी रवान रवान पाय आंबले. रुक्मिणी म्हणाली, लोक गेले खड्ड्यात, नेसलंव तर आपण घालूया. कोण नव्हता थय. तुमका कोणी सांगल्यान?

महादेव : बघितलंय.

चंद्रावती : खयसून?

महादेव : वळणावरसून. मी लोकांच्या पुढे होतंय. किंदळाच्या झाडाकडे इलंय न् बघितलंय तर तुमी घालत होतास. तू न् रुक्मिणी. पाय जुळवून, मागे रेलून. गाणा असा मोठ्यान म्हणी होतंस की वळणार ऐकूक येय. न् हसत होतंस. लोकांसमोर तू अशी हसणंस नाय.

चंद्रावती : लोकांसमोर लाज वाटता.

महादेव : ती फुगडी बंद पडूक नको, इतकाच वाटला. म्हणून साहेबान पेन पुढे केल्यान तेवा खरा सांगितलंय.

चंद्रावती : थांबा. तुमी पुढे, म्हणजे लोक मागे. तेंनी पण बघितल्यानी?

महादेव : नाय.

चंद्रावती : वीस माणसां. डोळे मिटून होती?

महादेव : वळणाच्या अलीकडेच थांबवलंय. म्हटलंय, आवाज करू नका, वर फांदीर पक्षी आसा. सगळ्यांनी दुर्बिणी काढल्यानी न् वर बघत रवले. तुमची फुगडी संपासर.

चंद्रावती : न् तुमी?

महादेव : मी खाली बघी होतंय.

चंद्रावती : कसलो पक्षी होतो?

महादेव : पक्षी खय होतो गो.