मान आवळलेलं काडतूस

आयडाहोतल्या आमच्या गावात शनिवारी बंदुकीच्या दुकानात रांग असतेच. माझ्यापुढे व्हर्ल आणि डेलबर्ट हे दोन म्हातारे उभे होते.

"काय रे व्हर्ल, ते नवं काडतूस कसं निघालं?"

"भन्नाट! जाड काडतुसाची मान बाटलीसारखी आवळायची आणि त्यात बारीक गोळी बसवायची. दारू तेवढीच, गोळी हलकी. सुसाट सुटते बघ."

"साध्या नऊ एमएमपेक्षा?"

"कितीतरी! आवाज असा, की शेजारचा नेमबाज सामान घेऊन लांब जाऊन बसला."

"आणि नेम?"

"मी वेगाबद्दल बोलतोय, डेलबर्ट."

"बरं बाबा, वेग किती भरला?"

"त्यासाठीच तर वेग मोजायचं यंत्र समोर मांडलं होतं. गोळी वरून गेली की आकडा दिसतो. नऊच्या सगळ्या गोळ्या वरून गेल्या."

"आणि मान आवळलेली?"

"आवाजाच्या धास्तीनं मी आधीच डोळे मिटले. हात खाली गेला."

"मग, वरून नाही गेली?"

"मधून गेली."

"यंत्राच्या?"

"आरपार."

"अरे लेका, ते तर नेडीनवहिनीनं तुला वाढदिवसाला दिलं होतं ना? काय म्हणाली?"

"म्हणाली, 'जन्मात पहिल्यांदा तुझी गोळी मधोमध लागली. आता नेमाच्या पुठ्ठ्याऐवजी यंत्रच भिंतीवर टांग.'"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला व्हर्लकाका, काय देऊ?"

"खिळे ठेवतोस का रे?"